पाटीवरचा रंग आणि ओपलचा पंजा

मी, रेनी स्टिडम, वय सत्तावीस, राहणार ओवोसो गाव, मिशिगन, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. हे माझं मृत्युपत्र मी माझ्या हाताने लिहितेय. डोकं शुद्धीवर आहे. डोक्यात आजार आहे, पण शुद्धीवर आहे. कोणी दबाव आणलेला नाही. भीती मात्र खूप आहे, तीही लिहून ठेवते, नाहीतर अक्षर वाकडं का आलं ते कळायचं नाही.

मंगळवारी मोठ्या दवाखान्यात माझं ऑपरेशन आहे. डोक्यातली रक्ताची एक नळी फुगलीय. डॉक्टर म्हणाले, बहुतेक लोक घरी जातात. मी विचारलं, बहुतेक म्हणजे? तर ते कागद चाळायला लागले.

लायब्ररीतल्या मिस हॅडली यांनी मला नमुना दिला. म्हणाल्या, "बोलतेस तसंच लिही, फक्त कोणाला काय ते स्पष्ट लिही." तसं लिहितेय.

१. मला एक मुलगी आहे, ओपल, वय पाच. तिच्या बापाचं नाव जन्माच्या दाखल्यावर नाही आणि मी इथेही लिहिणार नाही. माझे आईवडील वारले. मी परत आले नाही तर ओपल माझा भाऊ क्लेटन स्टिडम याच्याकडे राहील. दुसरं कोणी नाही. असतं तर मी विचार केला असता, हे क्लेटनने वाचलं तरी चालेल. त्याला माहीत आहे.

२. घर भाड्याचं आहे. सामान विकून जे येईल ते ओपलच्या बुटांना. तिचे पाय पटापट वाढतात.

३. माझी शेजारीण विल्मा टॅकेट साक्षीदार म्हणून सही करणार आहे, म्हणून तिला काही देता येत नाही, असं मिस हॅडली म्हणाल्या. मी विल्माला तसं सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्याकडे आहे काय द्यायला, बाई?" पण माझा कोट ती तीन हिवाळे घालतेय. तो परत मागू नये.

४. डॅडींच्या पेटीतलं सामान ओपलला: फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक, लांब दांड्याचा आरसा, टॉर्च आणि रंगांच्या नमुन्यांचे पुठ्ठे. हे कशाचं आहे ते तिला कळलं पाहिजे म्हणून लिहिते.

माझे डॅडी, व्हर्जिल स्टिडम, केंटकीहून इकडे आले आणि तीस वर्षं गाड्यांच्या कारखान्यात रंगाचा फवारा मारायचं काम करत होते. नंतर ते जुन्या मोठ्या इंजिनाच्या गाड्यांच्या जत्रेत जज झाले. लोक अशा गाड्या वर्षानुवर्षं खपून नव्यासारख्या करतात. जजचं काम एवढंच, की ही गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा अशीच होती का ते बघायचं. इंजिनाजवळ एक पत्र्याची पाटी असते. तिच्यावर नंबर असतात आणि रंगाचा आकडा असतो. पाटीवरचा नंबर इंजिनावरच्या नंबराशी आणि पाटीवरचा रंग अंगावरच्या रंगाशी जुळला पाहिजे. नाही जुळला तर पॉइंट गेले.

डॅडी चुंबक लावून बघायचे, पत्रा आहे की आत पुट्टी भरलीय. आरशाने खाली बघायचे. एकदा एका माणसाने आरशासारखी चकचकीत गाडी आणली होती. डॅडींनी पॉइंट कापले. तो माणूस म्हणाला, "अहो, एक ओघळ दाखवा, एक डाग दाखवा." डॅडी म्हणाले, "तेच तर. दाराच्या खालच्या कडेला ओघळ पाहिजे होता. एवढं नीट तिथे कोणी रंगवत नव्हतं." तो म्हणाला, "तुम्हाला काय माहीत?" डॅडी म्हणाले, "मीच होतो."

५. आता क्लेटनशी जे वाकडं आहे ते.

मी स्टिडम जन्माने नाही. सहा वर्षांची असताना मला या घरात आणलं, मग दत्तक घेतलं. क्लेटन माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा, तो त्यांचा स्वतःचा. मी नऊ वर्षांची असताना एकदा त्याच्या टूलबॉक्सला हात लावला, तेव्हा तो म्हणाला, "तू मूळची नाहीस. तुझे नंबर जुळत नाहीत."

मी गॅरेजमध्ये जाऊन डॅडींना विचारलं, "नंबर जुळत नसले तर किती पॉइंट जातात?"

त्यांनी विचारलं, "कोणत्या गाडीचे?"

मी म्हटलं, "माझे."

तेव्हा त्यांची स्वतःची गाडी, सत्तर सालची, पत्रा घासून रंगासाठी तयार उभी होती. पाटीवर तपकिरी रंग होता. सगळं जुळवत आणलेलं, सहा वर्षं खपून. त्यांनी पुठ्ठ्यांची पेटी काढली, माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "बोट ठेव."

मी जांभळ्यावर ठेवलं.

जांभळा त्या सालचा रंग होता, पण त्या गाडीचा नव्हता. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. त्यांनी गाडी जांभळी रंगवली. दाराच्या खाली ओघळसुद्धा सोडला.

जत्रेत सगळे जमले. कोणी म्हणालं, "व्हर्जिल, पाटी वाचता येईना झाली का?"

"येते की. तपकिरी."

"मग ही काय आहे?"

"माझ्या पोरीची आहे."

त्यांनी दुसऱ्या जजला सांगितलं, कापायचे तेवढे सगळे कापा, नियम म्हणजे नियम. तो पॉइंटांचा तक्ता गाडीच्या पुढच्या कप्प्यात आहे. त्याच्यावर डॅडींच्या अक्षरात लिहिलंय: रंग चुकीचा. बदलणार नाही.

क्लेटन त्या वेळी वीस वर्षांचा होता. त्या गाडीचं निम्मं काम त्याने केलं होतं. त्याला कोणी विचारलं नाही. दोन वर्षांपूर्वी डॅडी गेले आणि त्यांनी गॅरेज त्याला, गाडी मला दिली, तेव्हापासून तो सणालाच बोलतो.

अजून एक गोष्ट आहे, ती मला विल्माने अलीकडे सांगितली. तिच्या नवऱ्याने ती डोळ्यांनी पाहिली होती. क्लेटन सोळा वर्षांचा असताना डॅडींच्या वाढदिवसाला त्याने गुपचूप त्या गाडीचं इंजिन रॉकेलने घासून लख्ख केलं. इंजिनामागच्या पत्र्यावर खडूची एक खूण होती. कारखान्यात गाडी तपासणाऱ्या माणसाने सतरा वर्षांपूर्वी केलेली. ती क्लेटनला मळ वाटली. डॅडी नुसते म्हणाले, "ते आता परत कोणाला लिहिता येणार नाही." आणि आठवडाभर जेवायलाही त्याच्यासमोर बसले नाहीत.

मला हे माहीत असतं तर मी नऊ वर्षांची असताना दुसऱ्या कशावर तरी बोट ठेवलं असतं. तपकिरीवरच ठेवलं असतं कदाचित. क्लेट, माझी चूक नव्हती, पण मला वाईट वाटतं. तोंडाने बोलता येत नाही म्हणून लिहिते.

६. गाडी. ~~गाडी ओपलला. रंग कधीही बदलायचा नाही.~~

हे खोडलं. का ते सांगते.

गेल्या रविवारी मी क्लेटनला बोलावलं. तो आला आणि आधी गाडीच बघायला लागला. टॉर्च काढून खाली वाकला. म्हणाला, "पाटीचा रंग लावला तर ही राज्यात पहिली येईल. मी फुकट करून देतो."

मी म्हटलं, "क्लेट, मंगळवारी ऑपरेशन आहे."

"माहीत आहे."

"ओपलचं विचारायचं होतं."

तेवढ्यात ओपल चुंबक घेऊन आली. तिने ते दाराला लावलं, चाकाला लावलं, मग क्लेटनच्या पोटाला. "मामा लोखंडाचा नाही," ती म्हणाली.

"सगळी पुट्टीच भरलीय," क्लेटन म्हणाला. मग तिचा हात धरून चुंबक मागच्या चाकाच्या वर नेलं. "इथे लाव. इथे नाही चिकटणार. तुझ्या आजोबांनी लपवलंय." ते चिकटलं नाही. ओपल हसत सुटली आणि तिथेच दहा वेळा लावून बघायला लागली.

मी म्हटलं, "ठेवशील ना तिला?"

त्याने हात पुसले. हात स्वच्छच होते. "तुला दुसरं कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग विचारतेस कशाला?"

हे 'हो' होतं की 'नाही', ते मला अजून कळलेलं नाही. जाताना तो म्हणाला, "हिला जरा शिस्त पाहिजे. केस कापायला पाहिजेत. आणि चर्चला न्यायला पाहिजे." आणि मग परत गाडीकडे बघितलं.

मी मिस हॅडलींना विचारलं, रंग बदलू नको असं लिहिलं तर तो ऐकेल का? त्या म्हणाल्या, "लिहिता येतं. पण पुढे बघायला कोण येणार?" कोणीच नाही येणार. मी तर नाहीच. म्हणून खोडलं.

आता असं लिहिते. गाडी ओपलची. ती अठरा वर्षांची होईपर्यंत क्लेटनने सांभाळायची. क्लेट, तुला पाटीचा रंग लावायचा असेल तर लाव. मला थांबवता येत नाही, आणि तू निम्मं काम केलं होतंस. फक्त मागची सीट काढून आतल्या पत्र्यावर बघ. डॅडींनी गाडी जांभळी केली तेव्हा तिथे तपकिरीची थोडी जागा तशीच सोडली होती. कोणी खरं काय ते शोधत आला तर त्याला दिसावं म्हणून. तू पण तसंच कर. तिच्या शेजारी जांभळ्याची थोडी जागा सोड. तिथे घासू नकोस.

ओपलचे केस काप. चर्चला ने. तुझ्या घरासारखी कर तिला, ते होणारच आहे, आणि तिला ते बरंही पडेल. पण थोडी जागा तिच्यातही सोड. आणि तिने माझं विचारलं की सीट काढ आणि दाखव.

जागा किती सोडायची यावर तू वाद घालशील, म्हणून माप देते. या कागदाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ओपलचा पंजा काढलाय. तेवढी. ती पाचच वर्षांची आहे, त्यामुळे मी फार मागत नाहीये. काढताना तिने हात हलवला, म्हणून करंगळी दोनदा आलीय. ती तशीच राहू दे.

कलम सहामधली खोडाखोड माझीच आहे, म्हणून तिथे सही केली आहे. — रे. स्टि.

हे सगळं मी लिहिलं, वाचून बघितलं आणि खालच्या दोघींसमोर सही केली.

रेनी स्टिडम

साक्षीदार:
विल्मा टॅकेट, शेजारीण
ग्लेनिस हॅडली, गावची लायब्ररी

ओवोसो, मिशिगन
शुक्रवार, ९ ऑक्टोबर २००९