आढीतले आंबे

४ मे, सोमवार

फळंसुद्धा नाही म्हणे! भात अर्धा केला, चहातली साखर सोडली, दिवाळीत चकलीवर भागवलं, आणि आता हा कालचा पोरगेला डॉक्टर मला विचारतो, सर, रोज किती आंबे होतात? मी खरं ते सांगितलं. पाच. कधी सहा. सकाळी दोन चिकू, संध्याकाळी वाटीभर द्राक्षं. त्याने पेन खाली ठेवलं आणि शोभाकडे बघितलं. माझ्याकडे नाही, शोभाकडे! जसं काही तिनेच मला भरवले.

उपाशीपोटी साखर २६८. दोनशेच्या खाली आल्याशिवाय उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करणार नाही. महिन्याने पुन्हा रक्त बघायचं. मोतीबिंदू चांगला पिकलाय म्हणाला. डाव्यातही सुरू आहेच. पेपरातले मथळे तेवढे दिसतात. हे लिहितोय तेसुद्धा जाड स्केचपेनने, एका पानावर आठ ओळी. छत्तीस वर्षं मुलांची अक्षरं सुधारली आणि माझं हे असं झालंय.

मी त्याला म्हटलं, फळ कधी कुणाला बाधलंय का? उपासाला चालतं, देवाला चालतं, दवाखान्यात भेटायला जाताना माणूस काय नेतो? फळंच ना? तो हसला. म्हणाला, फळ वाईट नाही सर, पाच आंबे वाईट. एखादी फोड खा, जेवणाबरोबर.

फोड! मला फोड!

घरी आल्या आल्या सांगून टाकलं. खाईन तर आंबा खाईन, नाहीतर काही नाही. ऑपरेशन होईपर्यंत फळाचा कण तोंडात घेणार नाही. शोभा कुकर लावत होती. बरं म्हणाली. बायको असून माझ्या बाजूने एक शब्द नाही.

६ मे, बुधवार

संदीप येऊन गेला. अठ्ठ्याऐंशीच्या बॅचचा, बीजगणितात कच्चा. जामबागच्या आमच्या शाळेतली ही पोरं मे महिन्यात आंबे घेऊन येतात. मी निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, एक मे चुकलेला नाही. पेटीभर बेनिशान आंबे, वर सहा हिमायत, इकडच्या आंब्यांचा राजा, वेगळ्या कागदात गुंडाळलेले. सर, तुमच्यासाठी झाडावरून काढून आणले, म्हणाला. त्याला काय सांगणार, डॉक्टरने सरांना अंगठे धरून उभं केलंय म्हणून?

तो गेल्यावर शोभा म्हणाली, थोडे खाली नामदेवरावांकडे देऊ का, थोडे लेकीकडे, मृण्मयीकडे पाठवू.

माझं डोकंच फिरलं. नामदेवरावांना! तो माणूस जिन्यात भेटला की मला पपईचे गुण सांगतो. त्याला माझ्या पोरांचे आंबे?

"एकही आंबा या घराबाहेर जाणार नाही," मी म्हटलं. "माझ्यासाठी आणलेत. ऑपरेशन झालं की मी खाईन."

"तोवर राहतील का अहो?"

"ते तू बघ."

तिने मागच्या खोलीत पलंगाखाली गवत पसरून आढी घातली.

७ मे

घरभर वास. छळ आहे हा.

१० मे, रविवार

मृण्मयी आणि जावई आले होते. पुष्कर पुण्याचा. गच्चीबौलीच्या कंपनीत कसलासा मॅनेजर आहे, आणि मनगटावर ते घड्याळ— पावलं मोजतं, झोप मोजतं, बहुतेक सासऱ्यांची बडबडही मोजत असेल. बसल्या बसल्या मला फळातली साखर समजावली. बाबा, आंबा म्हणजे सरळ साखरच. आणि पुढे काय, तर खरा आंबा म्हणजे हापूस, हे इकडचे नुसते मोठे दिसतात.

खायचा नाही म्हणायचं आणि वर नावंही ठेवायची! चाळीस वर्षांचा माणूस, हिमायत कधी नीट चाखलेला नाही. मी उठून आत गेलो.

आणखी दोन पेट्या आल्यात. एक नारायणगुड्याहून, कन्याशाळेत शिकवणाऱ्या माधवीकडून. माझीच विद्यार्थिनी. फार हुशार होती. शोभाने पहिल्या पेटीतल्या काहींचा रस काढून फ्रीझरमध्ये चार डबे ठेवले. पुढे जागा नाही म्हणाली. दारात आलेलं परत पाठवायचं नाही, ही तिच्या आईची शिकवण. अन्न टाकायचं नाही, हीसुद्धा. मग ठेव म्हटलं आढीत.

१७ मे, रविवार

अधिक महिना लागला. जावयाचं वाण आलं. शोभाची कल्पना अशी की यंदा तेहतीस अनारशांऐवजी तेहतीस आंबे द्यावेत. आंबे आहेतच घरात, पिकून चाललेत, आणि तिला आता तळणीपुढे उभं राहवत नाही म्हणे.

त्या हापूसवाल्याला माझे आंबे? मुळीच नाही! मी म्हटलं, अनारसे कर. तिने माझ्याकडे बघितलं. मग तांदूळ भिजत घातले.

हौ, माझं चुकलं असेल. पण माणसाला एक गोष्टसुद्धा स्वतःची ठेवता येऊ नये?

१८ मे

चौदा दिवस झाले. एक कणही नाही.

२१ मे, गुरुवार

नामदेवरावांची बायको वर आली होती. शोभाला बघून म्हणाली, अय्या, किती छान बारीक झालात, काय करता हो? शोभा हसली. अनारसे तळून तळून म्हणाली. मी डॉक्टरच्या धाकाने सतरा दिवस कुढतोय, मला कुणी बारीक म्हणत नाही. ही बसल्या जागी बारीक होते आणि कौतुक हिचं.

बारीक होणार नाही तर काय! जेवत कुठे आहे? ताट वाढून घेते, दोन घास खाते आणि सरकवते. भूक नाही म्हणते. रुसलीय, दुसरं काय. वाण आंब्यांचं दिलं नाही म्हणून. मी विचारत नाही. रुसायचं तर रुसावं.

आणि हे पाणी. माझ्या उशाशी तांब्या असतो, तो बघावा तेव्हा रिकामा. सांगितलं, तुझा वेगळा भर. तर दोन भरले, दोन्ही रिकामे. उन्हाळा मलाही आहे.

२५ मे, सोमवार

आज मागच्या खोलीत गेलो. डोळ्यांनी दिसत नाही, हातांनी दिसतं. पलंगाखाली हात घालून आढी चाचपली. गवतच गवत! पाच पेट्या आल्यात आजवर. सव्वाशेच्या वर आंबे असायला हवेत. हाताला लागले एकोणीस.

आणि सकाळीच कचऱ्याची लक्ष्मी जिन्यात म्हणत होती, अम्मा, रोज इतनी गुठलियाँ, डब्बा उठता नै. तेव्हा काही लक्षात आलं नाही. आता आलं. रस काढून डब्यांतून बाहेर पाठवते आहे! कोयी इथे आणि रस तिथे! लेकीकडे जातोय की खाली नामदेवरावांकडे, एवढंच विचारायचं होतं.

विचारलं. सरळ विचारलं. ती ओट्यापाशी उभी होती, हाताला आंब्याचा वास.

"कुठे गेले?"

"संपतात हो," ती म्हणाली. "पिकलं की थांबत नाही."

"कुणाला दिलेस?"

ती हात धूत राहिली. मी मृण्मयीला फोन लावला. तिला काहीच माहीत नाही. मग नामदेवरावच! चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात मी मागितलं काय? की माझ्यासाठी आलेली वस्तू माझ्यासाठी ठेव. तेवढंही नाही. माझ्या तोंडचं काढून शेजाऱ्याला. मी तिला चोर म्हणालो. शब्द मोठा होता, पण म्हणालो.

२६ मे

बोललो नाही.

२७ मे

बोललो नाही. तीही नाही. तांब्या भरताना अर्धं पाणी खाली सांडलं तिने. रागाने असणार.

३० मे, शनिवार

पेन्शनचा एक कागद द्यायचा म्हणून रिक्षाने नामपल्लीला गेलो. एकटाच. येताना स्टेशनपाशी खाजामियांच्या गाडीसमोर थांबलो. तीस वर्षं त्यांच्याकडून फळं घेतोय. म्हणाले, क्या मास्टरसाब, सीझन निकल जारा, आप दिखे नै. नाराज हैं क्या?

हौ, म्हटलं, नाराजच आहे. सगळ्यांवर.

त्यांनी हिमायत हातात दिला. चाखून बघा, पैसे नक्को म्हणाले. हातात धरून उभा राहिलो. नाकापाशी नेला. तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला लिहू. सोलून चार घासांत संपवला असता, कुणाला कळलं असतं? मग वाटलं, डोळा बरा झाला की तिचा चेहरा नीट बघेन आणि मग भांडेन. आंबा परत ठेवला. खाजामियां चाट पडले.

घरी आलो तर ती दुपारी चारला झोपलेली. कधी झोपत नाही. मी मुद्दाम दार आपटलं.

३ जून, बुधवार

सकाळी लॅबचा माणूस रक्त घ्यायला घरी आला. पुष्करने परस्पर नवरा-बायको दोघांचं सांगून ठेवलेलं. शोभा तयार नाही. मला काय धाड भरलीय, म्हणाली, यांचं घ्या. माझ्याशी अबोला, पण लॅबवाल्याशी बोलली! शेवटी मृण्मयीने फोनवरून दटावलं तेव्हा हात पुढे केला.

तीस दिवस! एक फोड नाही, एक द्राक्ष नाही. डॉक्टरने आता काय ते बघावंच.

५ जून, शुक्रवार

संताप. नुसता संताप.

लॅबचं पाकीट आलं. शोभा आत पडून होती. मी खिडकीत उजेडाला जाऊन कागद काढला. बारीक अक्षरं धूसर, पण आकडा ठळक छापतात. ३८४.

तीनशे चौऱ्याऐंशी!

महिनाभर जीव मारला, आणि दोनशे अडुसष्टची तीनशे चौऱ्याऐंशी! हे कुठलं गणित? मग कशासाठी हे सगळं? घरभर वास, समोर पेट्या, खाजामियांचा आंबा हातातून परत, आणि फळ काय, तर हे! ऑपरेशन गेलं. डोळा गेला. आता कुणी माझं पुस्तक उघडून देऊ नये, कुणी मला पेपर वाचून दाखवू नये. लॅबला फोन केला, तिथल्या पोरीला वाटेल ते बोललो. ती बिचारी म्हणत राहिली, सर, दोन्ही रिपोर्ट नीट बघा. काय नीट बघा? मला दिसतं का?

दहा दिवसांनी मी आज तोंड उघडलं. मागच्या खोलीत जाऊन ओरडलो, आण ते उरलेले आंबे, आता मी सगळे खाणार. ती उठून बसली. भिंतीला धरून. म्हणाली, एकही उरला नाही. कालच संपले.

मी म्हटलं, पोचवलेस ना सगळे? आता बरं वाटलं?

ती पुन्हा आडवी झाली.

६ जून, शनिवार

पहाटे शोभा ओट्यापाशी पडली. मृण्मयी आणि पुष्कर धावत आले. पुष्करने टेबलावरचे कागद वाचले. दोन होते, एकाला एक टाचलेले. पुढचा तिचा. माझा मागे होता. एकशे बेचाळीस.

दवाखान्यात तिला आत नेलंय. सलाईन लावलंय. डॉक्टर म्हणाला, साखर हिला आधीपासून असणार, कुणी कधी तपासलीच नाही. पण महिनाभर असं काय खात होत्या?

मी बाजूला बसलो तेव्हा तिने डोळे उघडले. म्हणाली, "टाकवेनात हो. आणि तुमच्या डोळ्यांसमोर ठेववेनात."

मीच म्हटलं होतं, एकही आंबा या घराबाहेर जाणार नाही.

एकही गेला नाही.