चादरीचं दुसरं टोक

७ फेब्रुवारी, रविवार
आजपासून रोज लिहायचं. पास्टर म्हणाले, दिवसभराची पापं रोज तपासा. आजची पापं: नाहीत. चहात साखर जास्त पडली, पण ती थोरलीने घातली.
थोरली म्हणजे माझी मोठी जाऊ. तिचा बाप्तिस्मा कधीच झाला. माझा या महिन्याच्या शेवटी, पास्टर हो म्हणाले तर.
आजच्या उपदेशाने जीव घाबरला. प्रभू येईल तेव्हा दोन बायका एकाच कामावर असतील म्हणे, एक वर उचलली जाईल, एक तिथंच राहील. मागच्या बाकावर कुणीतरी जांभई दिली. मी आणि थोरली एकाच लाँड्रीत. हॉस्पिटलच्या चादरींच्या घड्या घालतो, एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. पास्टरांनी आमच्याकडेच बघितलं.
ती गेली तर माझी ठकी पण जाणार. लेकरांना पाप नसतं. म्हणजे माझी पोरगी स्वर्गात हिच्या कडेवर, आणि मी खाली ओल्या चादरी घेऊन. नाही. हे होऊ द्यायचं नाही.

८, सोमवार
उपाय सापडला. चादरीचं टोक गच्च धरून ठेवायचं. ती उचलली गेली की चादरीबरोबर मी पण वर. प्रभू काही चादर फाडणार नाही, हॉस्पिटलचा माल आहे.
थोरली म्हणाली, सोड की गं, घडी घालायचीय का तंबू ठोकायचाय? सुपरवायझर हसली. ट्रॉलीत बसलेली ठकी पण हसली. हसा. नरकात दात कोण खाणार ते पुढं कळेलच.
पाप: नाही. मनात शिवी दिली, पण सुपरवायझरला. ती कुठं चर्चला येते?

११, गुरुवार
उपवास-प्रार्थना. ठकीचं अंग तापलेलं. थोरलीकडे ठेवून गेले. गेले ते ठकीसाठीच. सगळ्यांत मोठ्यांदा मी रडले. शेजारी बसलेली चर्चमधली नर्सबाई नुसतं नाक ओढत होती, डोळे ठणठणीत कोरडे. मी बोटांच्या फटीतून बघितलं.
घरी आले तर थोरली ठकीच्या कपाळावर ओली पट्टी बदलत होती. ताप उतरलेला. म्हटलं, बघा ताई, विश्वास. ती म्हणाली, हो, आणि डॉक्टरकडे पळत नेली ते. विश्वास कमी आहे तिचा. मग वर कशी जाणार? जरा बरं वाटलं.
पाप: उपवासात बिस्कीट. अर्धंच. उरलेलं अर्धं येताना.

१४, रविवार
पास्टरांना विचारलं, बाप्तिस्म्याला माझं नाव लावलं का? ते म्हणाले, पाण्यात उतरायच्या आधी जिच्याबद्दल मनात अढी आहे तिच्याशी मिटव. मी म्हटलं, माझ्या मनात कुणाबद्दल काही नाही. ते म्हणाले, जाऊबाई? मी म्हटलं, माझ्या मनात काही नाही, तीच तशी आहे. त्यांनी नावांची वही मिटली. मनात म्हणाले असतील, किती साधी बाई.
ठरलं. पुढच्या रविवारी चर्चमध्ये साक्ष द्यायला उभी राहून सगळ्यांसमोर थोरलीला क्षमा करणार. याला मोठं मन लागतं.

१७, बुधवार
क्षमा करायची तर तिने काय काय केलंय ते आठवायला नको? सकाळी भांडी आपटते. मला न विचारता ठकीचे केस विंचरते. हे म्हणाले, तुझ्याआधी उठून सगळ्यांचे डबे भरते, ते पण सांग. नवऱ्याला यातलं ओ की ठो कळत नाही.

२१, रविवार
साक्ष दिली. प्रभूने शब्द दिले. म्हटलं, माझ्या जावेने मला फार त्रास दिला, मी तिला क्षमा करते. तिची कूस रिकामी म्हणून माझ्या लेकीवर डोळा ठेवते, त्याचीही क्षमा करते. मग रडले. एवढी शांतता झाली की पंख्याची कुरकुर ऐकू आली.
थोरली उठली. मांडीवरची ठकी माझ्या बाकावर ठेवली, तिची बाटली लवंडू नये म्हणून पिशवीला टेकवली आणि बाहेर गेली. मोठे भाऊजी तिच्या मागोमाग. मन खात असणार तिचं.
पास्टर नंतर म्हणाले, क्षमा केलीस, पण मागितलीस का? मी म्हटलं, चूक तिची आणि मागू मी? ते म्हणाले, बाप्तिस्म्याचं नंतर बघू. जळतात. त्यांच्या उपदेशाला लोक एवढे गप्प कुठं बसतात?

२३, मंगळवार
घरात भांड्याला भांडं लागत नाही. थोरली आता भांडी आपटतच नाही. ते जास्त वाईट.
कामावर चादरीचं टोक गच्च धरलं. ती म्हणाली, सोड. तंबूचं काही बोलली नाही.
धास्ती वाटते. पण ती राग धरून बसलीय, म्हणजे तिचंही वरचं काम कच्चं. राहू दोघी इथंच. मला चालेल.

२६, शुक्रवार
भाऊजींनी लांब कुठंतरी खोली घेतली. टेम्पो आला. ठरवून गेले, माफी मागायचीच. वाक्य पाठ केलं होतं. तिला दारात बघितलं आणि तोंडातून निघालं, ताई, ठकीचं खोकल्याचं औषध किती चमचे द्यायचं? तिने सांगितलं. मला समजलं नाही म्हणून परत सांगितलं. ठकीने तिची बाही धरली होती. एकेक बोट सोडवून तिने पोरगी माझ्याकडे दिली. म्हणाली, पाणी उकळून देत जा.
वाक्य तसंच राहिलं. जाऊ दे, प्रभूने ऐकलं असेल.

१ मार्च, सोमवार
थोरलीने लाँड्री सोडली. सुपरवायझर म्हणाली, जोडीदारीण मिळेपर्यंत एकटीने घाल घड्या. मोठी चादर एकटीला आवरत नाही. एक टोक हनुवटीखाली धरलं तर दुसरं फरशीवर लोळलं. परत धुवायला टाकावी लागली.
ठकी ट्रॉलीत उभी राहून दाराकडे बघत होती. आऊ, आऊ. थोरलीला ती तेच म्हणते. मी उचलून घेतली तर अजून रडली.
प्रभू तर अजून आला नाही. पास्टरांना फोन करून विचारलं पण.
आजचं पाप: चादर लोळली. पण ते टोक थोरलीचं होतं.