बघेपर्यंत मुलगाच

१ जानेवारी १९४५, सोमवार
शाळेच्या दप्तरात निजाम सरकारच्या फसली सनाची तारीख. इथं डायरीत इंग्रजीच, कारण सायन्स. नव्या वर्षाचे संकल्प: पहाटे पाचला उठणे. तंबाखू बंद. आणि मुलगा.

पहिले दोन विलपॉवरचे. तिसरा थिअरीचा. महानंदा बाळंतपणाला माहेरी, सास्तूरला गेली आहे. तिन्ही मुलींना घेऊन. हे चौथं. आमची आई, अव्वा, नवस बोलून बसली आहे. माझा नवसावर काडीचा विश्वास नाही. दिवाळीच्या सुट्टीत हैदराबादला लेक्चर ऐकलं. प्रोफेसर म्हणाले, इलेक्ट्रॉन कुठं आहे हे कुणी बघेपर्यंत ठरलेलंच नसतं. बघितलं की ठरतं. विलायतेतले काही मोठे लोक तर म्हणतात, बघणाऱ्याच्या मनाशिवाय ते ठरत नाही. मग प्रोफेसरांनी बोट वर करून उर्दूत ‘मगर’, म्हणजे ‘परंतु’, म्हटलं, पण मला गाडी गाठायची होती. मुद्दा आला होता.

तेव्हा बघणारा पक्क्या मनाचा पाहिजे. मुरूम गावात असा मीच.

२ जानेवारी
सातला उठलो. थंडी लई. तंबाखू फक्त जेवणानंतर.

१० जानेवारी, बुधवार
घात! रामकिसन टपालवाला भर वर्गात आला. हातात कार्ड. आमचे सासरे रेवणप्पा एवढे पेंडीचे व्यापारी, पण पाकिटाला हात आखडला. उघडं कार्ड! रामकिसननं तोंड उघडताच मी डोळे मिटले आणि ओरडलो, पत्ता वर करून टेबलावर ठेव आणि चालू लाग. वाचून दाखवू का म्हणाला. पुन्हा ओरडलो. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

आज बघणं धोक्याचं. सकाळपासून पोट बिघडलंय. अशा मनानं बघितलं तर काहीही होईल. कार्ड उपडं करून ट्रंकेत.

११ जानेवारी
मोठी अडचण. रामकिसननं कार्ड वाचलंय. मग ठरलं की काय? दोन तास विचार केला. रामकिसन चौथी पास. वाचतो, पण विचार करत नाही. त्याला ऑब्झर्व्हर म्हणता येणार नाही. सुटलो.

संध्याकाळी कळलं, त्यानं ते सगळ्या पेठेला वाचून दाखवलंय. धोंडप्पा किराणावाला, न्हावी, आमचे सदर मुदर्रिस म्हणजे हेडमास्तर, सगळ्यांना ठाऊक. सगळे कच्च्या मनाचे. सदर मुदर्रिस बी.ए. आहेत, पण फारसीत.

न्हाव्यानं मला बघून च्च केलं. दाढी वाढली आहे, त्यामुळं असेल.

१२ जानेवारी, शुक्रवार, सुट्टी
बारा वाजता बघायचं ठरवलं. आंघोळ केली, लिंगपूजा केली, पाटावर बसलो. तेवढ्यात शेजारची नागूबाई आली आणि अव्वाशी कानडीत सुरू झाली. कानात बोटं घातली. अव्वाच्या तोंडावरून काही कळेना. ती हसतही नव्हती, रडतही नव्हती. पण ती नेहमीच तशी असते.

बघणं लांबणीवर. अव्वा तांबड्या कापडाचं टोपडं शिवते आहे. टोपडं मुलाला आणि मुलीला सारखंच. म्हणजे अजून ठरलेलं नाही, हा पुरावाच.

१५ जानेवारी
अव्वा म्हणाली, गुरुवारी बारसं आहे, गाडी सांग. मी म्हणालो, बघितल्याशिवाय जाणार नाही. तिनं विचारलं, येड लागलं का रे, लेकरू जन्मलंय, दूध पितंय, ते काय तुझ्या बघण्याची वाट बघत बसलंय का. मग मी तिला इलेक्ट्रॉन समजावून सांगितला. शांतपणे सगळं ऐकलं. शेवटी म्हणाली, त्याच्या आईला विचारलं व्हतं का कुणी?

अडाण्यांपुढं सायन्स बोलू नये, हा नवा संकल्प. मन पाऊण पक्कं झालंय. आणखी दोन दिवस.

१७ जानेवारी
अव्वा गोरोबाच्या बैलगाडीतून एकटीच गेली. झाकणाखाली भाकरी आणि शेंगाची चटणी ठेवून गेली. गाडीत बसताना म्हणाली, तीन बाळंतपणं बघितली मी, महानंदा दर वेळी आधी तुझ्या तोंडाकडं बघती, मग लेकराकडं.

याचा थिअरीशी संबंध लागला नाही. टिपून ठेवतो. तंबाखू चार वेळा.

१८ जानेवारी, गुरुवार
आज बारसं. गेलो नाही. दिवस मावळताना वाटलं, आता पाळण्यात घातलं असेल, कानात नाव सांगितलं असेल. वाईट वाटलं. लई वाईट वाटलं.

पण मोठ्या कामाला त्याग लागतोच. भाकरी वाळून कडक झाली आहे.

२० जानेवारी, सकाळी ९
बघितलं. मन एकदम पक्कं होतं.

“मुलगी झाली. बाळंतीण खुशाल. पुढच्या गुरुवारी बारसं. जावईबापू येणार नसतील तर तसं कळवा, म्हणजे महानंदा वाट बघत बसणार नाही.”

डोळे मिटले, मुलगा म्हणालो, उघडले. मुलगी. सहा वेळा केलं. दर वेळी मुलगीच, रेवणप्पांच्या त्याच गिचमिड अक्षरात.

चूक रामकिसनची. त्यानं आधी बघून घाण केली. टपालखात्याला तक्रारीची दरखास्त लिहायला घेतली. ‘विषय’ लिहून थांबलो.

२२ जानेवारी, सास्तूर
सदर मुदर्रिसांकडं दोन दिवसांची रुखसत मागितली. त्यांनी कारण न विचारता रजेवर सही केली.

वाटेत गाडीत दिवसभर चेहऱ्याची तयारी केली. खूष दिसायचं, पण फार नाही. गाडीवाल्यानं दोनदा विचारलं, दाढ दुखती का मास्तर.

पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. रेवणप्पा ‘या’ म्हणाले आणि पेंडीच्या पोत्यांकडं गेले. नाव काय ठेवलं, ते थोरलीला विचारावं लागलं. गिरिजा.

महानंदा आतल्या खोलीत गिरिजाला तेल लावत होती. मी चेहरा नीट करून दारात उभा राहिलो. तिनं वर बघितलं नाही. खोकलो. तरी नाही. लेकराची बोटं एकेक करून चोळत राहिली. खाली बघूनच विचारलं, जेवलात का.

न्हाय म्हणालो. तसाच हसत उभा होतो, बराच वेळ.