वरून काढलेले सात फोटो

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौसष्ट, व्यवसाय लग्नाचे फोटो काढणे, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाला किंवा गोड बोलण्याला बळी न पडता हे लिहून ठेवत आहे. गल्लीत मला सगळे फोटोवाली मावशी म्हणतात. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. घाई नव्हती. आता आहे.

वकीलबाई म्हणाल्या, "प्रकृतीबद्दल एक ओळ टाका." एका ओळीत भागणार नाही. गेल्या आठवड्यात डॉक्टरांकडून तपासून घेतले. हृदय ठणठणीत आहे, दाखला सोबत जोडला आहे. मला चक्कर येत नाही. मी झोपेची गोळी घेत नाही. दोन्ही गुडघे कामातून गेल्यामुळे चार वर्षांत मी गच्चीची एकही पायरी चढलेली नाही, कपडे खिडकीतच वाळवते. उद्या मी गच्चीवरून पडल्याचे कोणी सांगितले, तर मी तिथे कशी पोचले हे आधी विचारावे.

१. खालचा स्टुडिओ आणि वरच्या दोन खोल्या माझ्या भाचीला, म्हणजे थोरल्या बहिणीच्या मुलीला द्याव्यात. आठ वर्षे ती माझ्याबरोबर काम करते आहे. पाटी बदलायची असेल तर तिने खुशाल बदलावी. मागच्या दाराचे कुलूप सोमवारी नवे बसवले आहे. त्याच्या दोनच किल्ल्या आहेत, एक माझ्याकडे, एक भाचीकडे. तिसरी कोणाकडे निघाली तर ती मी दिलेली नाही.

२. बँकेतली ठेव बहिणीला. धाकट्या भावाला माझा जुना, जड ट्रायपॉड द्यावा. वडिलांचा स्टुडिओ त्याने आपल्या नावावर करून घेतला, तेव्हा म्हणाला होता, "ताई, बाईमाणसाला हे झेपायचं नाही." बत्तीस वर्षे झेपले. कोणाच्या तरी पाठीशी न डगमगता उभी राहणारी एक वस्तू त्याच्या घरात असावी, म्हणून ट्रायपॉड.

३. लेन्स तिन्ही भाचीलाच. दोन महिने ती मागे लागली आहे, "मावशी, स्वतःची म्हणून एकच घ्यायची झाली तर कोणती घेऊ?" मी टाळत आले. उत्तर इथे देते.

पस्तीस मिलिमीटरची लेन्स तयारीच्या खोलीत लागते, जिथे आपली पाठ भिंतीला टेकलेली असते. पण तिला माणसाच्या पुढ्यात जावे लागते, आणि कॅमेरा पुढ्यात आला की माणूस चेहरा नीटनेटका करतो. पंच्याऐंशीची चेहरा देखणा काढते आणि मागचे सगळे विरघळवून टाकते. घरच्यांना तेच फोटो आवडतात, भिंतीवर तेच लागतात. सत्तर-दोनशे दीड किलोची आहे, संध्याकाळपर्यंत मनगट भरून येते. पण ती लांबून बघते, आणि आपल्याकडे कोणी बघते आहे हे माणसाला कळत नाही. एकच घ्यायची तर ही घे, पोरी. का, ते पुढच्या कलमात आहे.

४. अकरा वर्षांपूर्वी माझे यजमान हयात होते. लग्ने आम्ही दोघे मिळून करायचो. ते पंच्याऐंशीची लावून स्टेजजवळ, मी पस्तीसची लावून गर्दीत. त्या वर्षीच्या एका लग्नाला मी सत्तर-दोनशे नेली होती. दुकानदाराने दोन दिवस वापरायला दिली होती, घ्यायची की नाही ते ठरवण्यापुरती. म्हणून मी हॉलच्या वरच्या गॅलरीत गेले.

स्टेजवर भेटायला येणाऱ्यांची रांग लागली होती. नवरा उजव्या हाताने सगळ्यांशी हात मिळवत होता. डावा हात खाली, फुलांच्या आडोशाला होता. त्या हातात नवरीची करंगळी होती आणि तो ती मागे वाकवत होता. रागारागाने नव्हे. सावकाश, तार वाकवतात तशी. नवरी हसत होती. मी सात वेळा बटण दाबले. सातव्या फोटोत तो वर, सरळ माझ्याकडे बघतो आहे. तोही हसतो आहे.

गाडीत बसल्यावर यजमानांना सांगितले. ते म्हणाले, "नवराबायकोत काय चाललंय ते आपल्याला काय ठाऊक? आपण फोटो काढावेत आणि गप बसावं." उत्तर द्यायला ते आज नाहीत, म्हणून हे लिहिणे भाग आहे, की मला ते पटले. मला ते सोयीचे होते.

अल्बमचे फोटो निवडायला नवरानवरी दोघे आले. ती म्हणाली, "मावशी, वरूनही काढले होते ना तुम्ही?"

तो शेजारीच बसला होता. मी म्हटले, "अगं, ते सगळे हलले."

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" तो म्हणाला.

निघताना दारात ती थबकली. "हललेले असले तरी ठेवा हं मावशी. टाकू नका."

सात महिन्यांनी ती गच्चीवरून पडली. कपडे वाळत घालताना पाय घसरला, असे पोलिसांच्या कागदात आहे. महिनाभराने तो स्टुडिओत आला. लग्नाचे असतील नसतील ते सगळे फोटो आठवण म्हणून हवे होते. ते सात सोडून मी सगळे दिले.

"एवढेच?"

"एवढेच."

"हां, वरचे हलले होते, नाही का," तो म्हणाला आणि आभार मानून गेला.

गेल्या महिन्यात तो पुन्हा आला. बरोबर एक मुलगी होती, शाळेत शिकवणारी, हसरी. "मावशी, फोटोला तुम्हीच हव्यात. तुमचा हात माझ्या ओळखीचा आहे." मग काउंटरवरच्या सत्तर-दोनशेवर त्याने बोट ठेवले. "फक्त ही नको या वेळी. जवळून काढा. जवळून छान येतात."

मुलगी कौतुकाने म्हणाली, "यांना ना, लेन्समधलंही सगळं कळतं!"

मी वहीत तारीख लिहून घेतली. ते अक्षर माझे वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिची शाळा गाठली आणि रिकाम्या वर्गात बाकावर सातही फोटो मांडले. शेवटच्याकडे ती बराच वेळ बघत राहिली. खरे की खोटे, हे तिने विचारलेच नाही. तिने विचारले, "ही कशी गेली, मावशी?"

"गच्चीवरून पडून."

"मला म्हणाले, तापानं गेली." तिने फोटो गोळा केले, वहीत घातले. "आज घरी सांगते."

चार दिवसांत लग्न मोडले. ती सध्या कुठे आहे हे मला माहीत आहे. इथे लिहीत नाही.

तेव्हापासून तो रोज अकरा वाजता स्टुडिओसमोरच्या बाकावर येऊन बसतो. वर्तमानपत्र वाचतो. आरडाओरडा नाही, धमकी नाही. मी शटर वर केले की मान हलवतो. परवा म्हणाला, "काय मावशी, गुडघे काय म्हणतात? जिने जपून उतरत जा." गुडघ्यांचे मी त्याला कधी सांगितलेले नाही. चौकीतल्या साहेबांना हे सांगितले. ते म्हणाले, "बाई, बाकावर बसणं हा गुन्हा नाही. आणि फोटोत त्यानं हात धरलाय, एवढंच दिसतंय." तरी एक प्रत त्यांनी ठेवून घेतली.

५. सात फोटोंच्या मूळ फाइल वकीलबाईंकडे आहेत. प्रती तिघांकडे आहेत. एक चौकीत, एक त्या शिक्षिकेकडे, आणि अकरा वर्षे उशिराने, गेलेल्या मुलीच्या आईकडे.

त्यांच्या घरी मी स्वतः गेले. भिंतीवर लग्नातला मोठा फोटो होता, माझ्या यजमानांनी पंच्याऐंशीने काढलेला, लेकीचा नुसता हसरा चेहरा. नेमका तोच क्षण. त्यांनी तो खाली उतरवला आणि माझा फोटो शेजारी ठेवला.

"याच वेळी?"

"याच वेळी."

"रोज सकाळी हिच्याकडे बघून म्हणायचे, अशीच हसत राहा." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही तेव्हा का आला नाहीत?"

"घाबरले."

"सात महिने?"

मी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी गेले असते, तर त्या माउलीने लेकीला हाताला धरून परत आणले असते. माझी भीती मी कोणालाच वारसा म्हणून देत नाही. ती माझ्याबरोबर संपावी.

६. त्या आईंनी चौकशी पुन्हा व्हावी म्हणून अर्ज दिला आहे. बावीस तारखेला मला जबाब द्यायचा आहे. तोवर जगायचा माझा पक्का इरादा आहे. तसे न झाल्यास चौथे कलम हाच माझा जबाब समजावा. अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

हे सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले, वाचून पाहिले, आणि यातला एकही शब्द मागे घ्यायचा नाही.

स्थळ: स्टुडिओची मागची खोली, दार आतून बंद.
दिनांक: नऊ मार्च, दुपारी बारा.

सही: (फोटोवाली मावशी)

साक्षीदार क्र. १: दाखला देणारे डॉक्टर. सही केली.

साक्षीदार क्र. २: चौथ्या कलमातल्या मुलीची आई. आपण होऊन आल्या. बाकावरून तो उठून उभा राहिला आणि "आई, बसा ना," म्हणाला. त्या त्याच्या समोरून सरळ आत आल्या. मृत्युपत्र पहिल्या ओळीपासून वाचले. म्हणाल्या, "मी तुम्हाला माफ केलेलं नाही, हेही लिहा." लिहिले आहे. मग त्यांनी सही केली.