बिनशिंगांचं हरीण

घाटंजी,
दि. १७ ऑक्टोबर २०१७

प्रिय संघदीप,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र सत्तावीस सप्टेंबरला पोचलं. उत्तराला वीस दिवस लावले, रागावू नको. तीनदा लिहायला बसले आणि तीनही कागद चुलीत गेले. तिकडे डोंगरात आता थंडी पडली असेल. तंबूत झोपताना कान बांधत जा, लहानपणापासून थंडी आधी तुझे कानच धरते.

मायचे गुडघे दुखतात, बाकी ती चालती-फिरती आहे. यंदा दसऱ्याला मात्र दीक्षाभूमीवर गेली नाही. शेजारच्या धर्मपालभाऊंनी गाडी दारात उभी केली, "तुळसाबाई, चला," म्हणाले, तर ही आतूनच म्हणाली, "तुम्ही या जाऊन." माझी अंगणवाडी सुरू आहे. पटावर तीस लेकरं आहेत, खिचडीच्या वेळेला चाळीस होतात. कापसावर गुलाबी अळी पडली आहे. बोंड वरून हिरवंगार दिसतं, उकललं की आत काळं.

तू पाठवलेलं चित्र मी भिंतीला लावलं. डोर्काथेरियम हे नाव मला अजून एका दमात म्हणता येत नाही. एक कोटी वर्षांपूर्वीचं हरणासारखं जनावर, पायाला खूर, पण सशाहून थोडंच मोठं, डोक्यावर शिंगं नाहीत आणि तोंडातून खाली आलेले दोन सुळे. त्याचा दगड झालेला जबडा तुला खोदताना सापडला, चार दात जागच्या जागी! बाबा असते तर ते पत्र घेऊन अख्खी घाटंजी फिरले असते.

राजदीपला नोव्हेंबरात तिकडे पाठव, सरांनी परवानगी दिली आहे, असं तू लिहिलंस. "मातीतून तिळाएवढा दात वेचायला आपल्या राजदीपसारखी नजर आमच्या टोळीत कोणाचीच नाही," असंही लिहिलंस. तिकीट काढू का, म्हणून दोनदा विचारलंस.

तिकीट काढू नको.

रविवारी तू बाजारातून फोन करतोस तेव्हा मी सांगते, राजदीप मजुरीला गेला, मित्राकडे गेला. ते खोटं होतं. मागचे तीन रविवार तो माझ्या बाजूलाच बसलेला होता आणि हात हलवून "सांगू नको" म्हणत होता. आता लिहिते. तोंडानं मला हे जमलं नसतं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला तो देवसिंगभाऊच्या वावरात फवारणीला जात होता. यंदा कापसाची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली. पाठीवर पंप घेऊन आत शिरलं की माणूस दिसत नाही, नुसता फवाऱ्याचा आवाज येतो. औषध पानांवर कमी आणि तोंडावर जास्त. चार दिवस गेला. पाचव्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी अंगणात तोंडावर पाणी मारत बसला.

"ताई, डोळे लय झोंबून राह्यले. आज नाही जात मी."

दोन एकर राहिलं होतं. देवसिंगभाऊच्या बायकोला, चंदाबाईला, मी शब्द दिला होता की शुक्रवारी काम संपेल. मला अंगणवाडीत जायची घाई. मी चिडले. संघदीप, मी काय बोलले ते अक्षर न अक्षर लिहिते, कारण हे मी मायलासुद्धा सांगितलेलं नाही.

मी म्हटलं, "तुले तर कोण्याबी कामाचा पाचव्या दिवशी कंटाळा येते. तिकडे संघदीप उन्हातान्हात डोंगर खोदून राह्यला, तो म्हणते का कधी डोळे झोंबते म्हणून? मग दादासारखं होईन म्हणून कायले सांगत फिरतं गावभर?"

त्यानं रुमाल ओला केला, तोंडाला बांधला आणि गेला.

दुपारी देवसिंगभाऊ त्याला मोटरसायकलवर मध्ये बसवून घेऊन आला. मागून एका गड्यानं धरलं होतं. तोंडाला फेस, कपडे सगळे ओले. इथून थेट यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे त्या वॉर्डात सगळे फवारणीवालेच. काहींचे हातपाय खाटेला बांधलेले, कारण ते भ्रमात उठून पळायचे. राजदीपचेही बांधले. माय त्याच्या पायाची गाठ सैल करायची, नर्स येऊन पुन्हा आवळायची. देवसिंगभाऊ रोज डबा घेऊन यायचा आणि दारातच उभा राहायचा.

अकराव्या दिवशी राजदीप शुद्धीवर आला. म्हणाला, "ताई, लाइट तं लाव."

सकाळचे दहा वाजले होते.

जीव वाचला, हे मी दिवसातून शंभरदा स्वतःला सांगते. त्याला उजेड कळतो, म्हणजे खिडकी कुठे आहे ते कळतं. समोर मी उभी आहे की खांब, ते कळत नाही. गेल्या मंगळवारी डोळ्यांच्या डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. मी म्हटलं, नागपूरला नेऊ का, हैदराबादला नेऊ का? ते म्हणाले, "न्या, पण मागची नस सुकली आहे. आशा लावून नेऊ नका." बसमध्ये मी त्याला सांगितलं, वेळ लागेल म्हणाले. त्यानं मान हलवली.

तुझं पत्र आलं तेव्हा त्याला घरी आणून दोनच दिवस झाले होते. "दादाचं आहे? वाच," म्हणाला. मी वाचलं आणि तिकिटाचा भाग गाळला.

"केवढं होतं म्हणावं ते जनावर?"

तू मापं लिहिली आहेस, पण आकडे ऐकून त्याचं समाधान होईना. मग मी अंगणवाडीतली चिकणमाती आणली, तुझं चित्र समोर ठेवलं आणि पट्टीनं मोजून ते केलं. पाय काडीएवढे, पाठ थोडी उंच. सुकल्यावर त्याच्या मांडीवर ठेवलं. तो त्यावर बोटं फिरवत राहिला, कानापासून खुरांपर्यंत.

"मापाहून मान जाडी केली तू," म्हणाला. आणि मग, "शिंगं नाही तं जीव कसा वाचवत होतं हे?"

"दादानं लिहिलं, झुडपात लपत होतं. नाही जमलं तं पाण्यात उडी मारत होतं."

"अन मग संपलं काहून?"

मी पत्र उलटसुलट केलं. ते तू लिहिलेलं नाहीस. माहीत असेल तर लिही, तो अजून विचारतो.

तेवढ्यात त्याच्या बोटांखाली पुढचा एक पाय मोडला. मी म्हटलं, दुसरा करते. "राहू दे," म्हणाला आणि तो तुकडा मुठीत धरून रडायला लागला. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. तेव्हाच मी त्याच्या जवळ बसायला पाहिजे होतं. नाही बसले. माती भिजवते म्हणून उठून मोरीत गेले आणि तिथेच उभी राहिले.

काल त्यानं आपणहून विचारलं, "ताई, पत्र वाचताना तू मधात थांबली होती. काय गाळलं?"

मी वाचून दाखवलं. सगळं, नजरेचं ते वाक्यसुद्धा. माय भाकरी तव्यावर तशीच टाकून बाहेर गेली. मग माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, "राजदीप, त्या दिवशी मी तुले तसं बोलली नसती तं..."

"तू म्हटलं म्हणून नव्हतो गेलो," तो म्हणाला. "मले जायचंच होतं."

हे खरं नाही. त्यालाही माहीत आहे आणि मलाही. पण तो हे अगदी हळू बोलला, आणि मी उठून तव्यावरची करपलेली भाकरी उतरवली.

त्याचा निरोप असा: "दादाले लिही, माझी जागा रिकामी ठेवू नको, दुसऱ्या पोराले घे. अन इकडे पळत येऊ नको म्हणा, खोदायचे दिवस हेच आहेत."

माझा निरोप काय, ते मला कळत नाही. ये म्हणावं तर तुझं वर्ष जाईल, आणि येऊन तू तरी काय करशील? येऊ नको म्हणावं, तर तसं म्हणणारी मी कोण? मायला वाटतं तू आलास की डॉक्टर वेगळं बोलतील, तू शिकलेला आहेस ना. नस सुकल्याचं मी तिला अजून सांगितलेलं नाही. तू मला काय म्हणायचं ते म्हण. पण त्याला फोन करशील तेव्हा त्याच्याशी जनावराचंच बोल, डोळ्यांचं विचारू नको.

खाली त्याला स्वतः सही करायची होती. मी कागद पाटावर ठेवला, त्याचं बोट जागेवर टेकवलं. हात धरू दिला नाही. पहिली दोन अक्षरं कागदावर आली, बाकीची पाटावर गेली. "आली का पुरी?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, पुरी आली.

तुझी, तुम्हा दोघांची गुन्हेगार,
शीलाताई

राज