खांद्यातली सुई आणि लांब पोळी

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार
आज अर्धी पोळी मडक्यावर पडली, अर्धी चुलीत! तीस वर्षं झाली, सैल कणीक दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत लांबवते अन् तापल्या उपड्या मडक्यावर टाकते. असं कधी झालं नाही. लांब पोळी पाहिजे तर सिंधूताईकडं जा, असं इथं नागपुरात महाल भागातले लोक म्हणतात. मी नाही म्हणत, लोकच म्हणतात. अन् आज उजवा हात वर जायले तयारच नाही.

अपेक्षा, माझी सून, म्हणाली, "आई, मी टाकू का?" तू रस्सा ढवळ म्हटलं. लग्नाले चार वर्षं झाली, मडक्याजवळ येऊ दिलं नाही मी तिले. एकदा ती तिथं बसली की मले परत कोण बसू देईल? हे कोणाजवळ बोलता येत नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

१४ नोव्हेंबर
वेणी घालता येत नाही. ब्लाउजचं हूकही अपेक्षाच लावते. मलमाची ट्यूब संपली, खांदा आहे तसाच.

१८ नोव्हेंबर
पोरानं, रोहितनं, शेवटी दवाखान्यात नेलंच. डॉक्टर सुमंत म्हणजे अगदीच पोरगा, मिशीही धड नाही. त्यानं हात धरून वर केला, मी किंचाळली. म्हणाला, "फ्रोझन शोल्डर आहे मावशी. सांध्याभोवतीचं आवरण आक्रसलं आहे." ऑपरेशन? तर नाही म्हणे. सोनोग्राफीत पाहत पाहत बारीक सुईनं सांध्यात पाणी अन् औषध भरायचं, आवरण आतून ताणायचं. चिरा नाही, टाका नाही. नाहीच जमलं तर मंग दुर्बीण, तिलेही दोन-तीन बारीक छिद्रंच लागतात. शुगर तपासली, ती काठावर निघाली. म्हणजे चहातली साखरही गेली.

"काम काय करता?" विचारलं त्यानं. घरकाम, मी म्हटलं. रोहित तोंड उघडणार तेवढ्यात मी त्याच्या पायावर पाय दिला. खरं सांगितलं असतं तर मडकं बंद कर म्हणाला असता.

२२ नोव्हेंबर
सुई झाली. वीस मिनिटं! पडद्यावर माझाच खांदा, सगळं करडं-पांढरं. पाणी भरताना आत असं काही दाटलं की मी देवाचं नाव घ्यायचं सोडून डॉक्टरच्या बापाचं घेतलं. तो हसला. चालत बाहेर आली अन् हात कानापर्यंत गेला. मी तर रिक्षातच चारदा वर करून पाहिला. दोन दिवस आराम, मंग हलकं घरकाम चालेल म्हणाला.

२५ नोव्हेंबर
दोन दिवस झाले. बसली मडक्यावर. चाळीस पोळ्या टाकल्या. मजा आली.

संध्याकाळी पाण्याचा ग्लास उचलता आला नाही.

२७ नोव्हेंबर
डॉक्टरले विश्वास बसेना. "मावशी, घरकामात असं काय केलं?" मंग सांगावंच लागलं. लांब पोळी त्यानं खाल्ली आहे, होताना कधी पाहिली नव्हती. तपासायच्या खाटेवरच्या उशीचा अभ्रा काढला अन् डाव्या हातानं दाखवलं, कशी झुलवायची, कशी फेकायची. नर्सबाई पाहायले दारात आली. डॉक्टर आधी हसला, मंग चिडला. "काम लपवलं तर मी इलाज कशाचा करू? सहा आठवडे मडकं बंद. ऐकलं नाही तर दुर्बीण घालावी लागेल."

चूक माझीच.

२८ नोव्हेंबर
पोळ्यांचं दुकान बंद ठेवू म्हटलं. रोहित म्हणाला, "काहून बंद? अपेक्षा आहे ना." आज ती मडक्यावर बसली. पोळ्या रुमालाएवढ्या. मी स्टुलावर. बरं वाटलं, खोटं काहून लिहू.

१ डिसेंबर, रविवार
मनोहरराव आले. खापरखेड्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले, पण दर रविवारी पोळी न्यायले इथंच येतात. अपेक्षाची पोळी उचलून म्हणाले, "पोरी, ही पोळी आहे का पापड गा?" 'गा' पोराले म्हणतात, हे पोरीलेही म्हणतात. तिनं मान खाली घालून पुढची टाकली. मी हसली. मंग तिचे हात पाहिले, मनगटापासून कोपरापर्यंत लाल चटके. हसू थांबलं.

९ डिसेंबर
भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, रोज तीनदा. स्वयंपाकघरात पेन्सिलीनं खुणा केल्या आहेत. आज मिठाच्या डब्याच्या वर गेली.

१३ डिसेंबर
राहवलं नाही. "कोपर अंगाजवळ घे वं, खांद्यानं नको ओढू, मनगट ढिलं सोड," म्हटलं. माझा खांदा मी तीस वर्षं ओढून ओढूनच घालवला, हे डॉक्टरनं आत्ता सांगितलं. तिचाही तसाच जाऊ द्यायचा का? तिसरी पोळी तिच्या कोपरापर्यंत गेली. ती माझ्याकडं पाहून राहिली होती. मी रश्श्याकडं पाहिलं.

२५ डिसेंबर
ती कणकेत पाणी माझ्यापेक्षा जास्त घालते. फाटेल म्हटलं. फाटली नाही.

८ जानेवारी २०२५
डॉक्टरनं हात सगळीकडं फिरवून पाहिला. "मावशी, मोकळा झाला खांदा. मडकं चालू करा, पण रोज थोडं-थोडं." दुर्बीण टळली! त्याले दहा पोळ्या कबूल केल्या. घरी येऊन वेणी स्वतःच घातली, मंग उगाच सोडली अन् परत घातली. रविवारी मी बसणार. अपेक्षा "हो आई" म्हणाली अन् आपला पाट उचलून बाजूला ठेवला.

१२ जानेवारी, रविवार
पहिली पोळी कोपराच्याही वर गेली. दुखलं नाही, जराही नाही. मनोहरराव पाहत होते. हात जोडून म्हणाले, "ताई, तुमचा हात बरा झाला, फार चांगलं झालं. पण मले सुनेच्या हातची द्या." मी उठली. अपेक्षाले म्हटलं, बस. मागं मोरीवर जाऊन रडली थोडी. मंग तिची एक पोळी रश्श्यात बुडवून खाल्ली. माझ्या पोळीपेक्षा पातळ आहे.