अशुभ वाक्यांची शिकवणी

प्रिय वहिनी,

गेल्या रविवारी सकाळी देवपूजा आटोपली, स्कूटर काढली आणि दांडिया बाजारात तुमच्या घरी गेलो. वाटेत दादांसाठी सेवउसळ घेतली. जिना चढताना मनात एकच वाक्य घोकत होतो. ते मी दादांना म्हटलं, वहिनी! पुढे काय झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून हे पत्र.

माझी ती पहिली मुलाखत आठवते? वाघोडियाला आमच्या कारखान्यात शिफ्ट इन्चार्जच्या जागेसाठी बोलावलं होतं. साहेबांनी इंग्रजीत विचारलं, तुमच्या विभागात आग लागली तर काय कराल? मी हात जोडून म्हणालो, "नो सर. फायर विल नॉट कम. गॉड इज देअर."

घरी येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही पदर तोंडाला लावून हसत सुटलात. "अहो भाऊजी, त्यांना आग विझवणारा माणूस हवा होता, तुम्ही आशीर्वाद देऊन आलात!"

प्रश्न मला कळला नव्हता असं नाही. पण आग लागली तर, गॅस गळला तर, कुणी पडलं तर, असलं तोंडातून काढायचं कसं? अशुभ बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, हे ऐकतच आपण वाढलो. गावाकडे आई तर बांगडी फुटली तरी 'वाढवली' म्हणायला लावायची.

मग तुम्ही शिकवणी घेतलीत. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या तुम्ही, आणि समोर खेड्यातल्या शाळेत शिकलेला, केस पिकलेला हा विद्यार्थी! जर-तरची वाक्यं करायची. मी आपली शुभ शुभ करायचो. पाऊस झाला तर पीक येईल. पोरीनं अभ्यास केला तर ती पास होईल. तुम्ही चहाचा कप हातात धरून बसायचात. "शुभ पुरे झालं. आता एक अशुभ, मग चहा."

मी घुटमळलो की म्हणायचात, "अहो, ही वास्तू मराठी आहे. फार तर गुजराती समजत असेल. इंग्रजी तिला कुठून येणार? बोला बिनधास्त!"

आतून दादा ओरडायचे, "अगं, आधी चहा दे त्याला! थंड होतोय!"

हळूहळू जीभ सैल झाली. टाकी गळली तर मी व्हॉल्व्ह बंद करीन, हे जमलं. 'झालं असतं तर केलं असतं' या प्रकारानं मात्र मला फार छळलं. एका वाक्यात इतकी क्रियापदं, कुठलं कुठे बसवायचं? तुम्ही न चिडता पुन्हा पुन्हा सांगत राहिलात. पुढच्या मुलाखतीत पुन्हा आगीचंच विचारलं. सगळं नीट सांगितलं, मनात दत्तगुरूंचं नाव घेतलं, आणि जागा मिळाली.

मग तुमचं आजारपण आलं. अंथरुणावरूनही तुम्ही वाक्यं द्यायचात. एका दुपारी म्हणालात, "हे पूर्ण करा, भाऊजी. इफ आय डाय बिफोर युवर ब्रदर..." म्हणजे तुमच्या भावाच्या आधी मी गेले तर. मी पुस्तक मिटलं. "हे वाक्य नको, वहिनी." तुम्ही खिडकीकडे पाहत म्हणालात, "बरं. राहू दे."

मला वाटलं, शिकवणीच चाललीय. तुम्ही गेल्यावर कधीतरी लक्षात आलं, तुमच्यामागे दादांचं काय, हे तुम्ही तर मला खरंच विचारत होतात! मराठीत विचारणं तुम्हालाही जमलं नाही ना? इतके दिवस मला हसलात, आणि तुमची गत माझ्यासारखीच! सरळ विचारलं असतंत तर मी रडलो असतो, पण उत्तर दिलं असतं.

तुमच्यामागे दादा एकटेच राहिले. मी जायचो, "काय दादा, मजामा?" विचारायचो, ते "मजामा" म्हणायचे, आणि दोघं टीव्ही बघत बसायचो. शेजारच्या कोकिळाबेन भाखरी आणून द्यायच्या. सगळे सगळं करत होते, फक्त एक गोष्ट कुणी बोलत नव्हतं.

रविवारी उसळ खाता खाता मी बोललो. मराठीत, तुमच्याच घरात, देव्हाऱ्यासमोर. "दादा, तुम्ही एकटे असताना पडलात, तर आम्हाला कळणार कसं?"

वाटलं, आता दादा चिडणार.

दादांनी चमचा खाली ठेवला. "माझ्याही डोक्यात तेच असतं रे. हल्ली अंघोळीला जाताना कडी लावत नाही मी. पण तुम्ही कुणी विषयच काढेना! मला घेऊन चला, असं आपण होऊन कसं म्हणायचं?"

"मग आमच्याकडे चला."

"बायकोला विचारलंस? सुनीता काय म्हणते?"

"तिनंच खोली रिकामी करून ठेवलीय."

"मग उसळ कसली खात बसलायस? ती बॅग काढ माळ्यावरून!"

वहिनी, इतकं हलकं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं! आम्ही दोघं भाऊ तिथेच बसून हसलो. मग दादांनी डोळे पुसले, मीही पुसले. पहिल्यांदाच तुमच्याबद्दल मोकळेपणानं बोललो, तुमच्या शेवटच्या दिवसांबद्दलसुद्धा. इतकं सोपं होतं तर आम्ही कशाला थांबलो होतो?

तुम्हाला वचन देतो, दादांना मी पाहुण्यासारखं ठेवणार नाही. भाजी त्यांनीच आणायची, रागवायचं असेल तेव्हा रागवायचं, आणि अवघड गोष्टही आम्ही समोर बसून बोलू.

सगळी आवराआवर करून काल संध्याकाळी त्यांना घेऊन आलो. कोकिळाबेन "आवजो दादा, आवजो" म्हणत निरोप द्यायला रिक्षापर्यंत आल्या. तुमचा फोटो दादांनी सबंध वाटभर मांडीवर धरला होता. आज सकाळी चहात साखर कमी पडली म्हणून सुनीताशी त्यांचं भांडण झालं. दादा आता आमच्या घरी राहतात, वहिनी.

तुमचा धाकटा दीर,
दत्ता